डेंग्यूचं एनएस१ प्रयोगशाळेत कसं बनतं, आणि ते कुठे बिघडतं

पावसाळ्यात ताप दोन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर रक्ताच्या तपासणीत ‘डेंग्यू एनएस१’ लिहून देतात. संध्याकाळी रिपोर्ट येतो आणि त्यावर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह एवढंच असतं. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन आहे आणि ते रक्तात आहे की नाही हे ही चाचणी पाहते, इथपर्यंत अनेकांना ठाऊक असतं. पण अशी चाचणी बनवायची तर आधी हेच प्रथिन प्रयोगशाळेत, विषाणूशिवाय, तयार करावं लागतं. किटमध्ये प्रतिपिंड असतात, म्हणजे एखाद्या प्रथिनाला ओळखून नेमके त्यालाच चिकटणारे रेणू. ते मिळवायला एनएस१ उंदराला टोचावं लागतं. मिळालेले प्रतिपिंड पारखायला पुन्हा एनएस१ लागतं आणि किटचा दर्जा तपासण्याच्या पॉझिटिव्ह नमुन्यातही तेच लागतं.

एका जीवाचं जनुक दुसऱ्या जीवाच्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. वेगवेगळ्या विषाणूंची अशी प्रथिनं आज संशोधनासाठी मायक्रोग्रॅमच्या भावाने विकत मिळतात. व्हायलवर प्रथिनाचं नाव असतं आणि शुद्धतेची टक्केवारी असते. पण या दोन गोष्टी पुरेशा नाहीत. प्रथिन कुठल्या पेशीत बनलं, त्याची घडी नीट बसली का आणि त्याच्यासोबत आणखी काय आलं, यावर प्रयोगाचं उत्तर खरं ठरतं की खोटं. एनएस१ च्या बाबतीत असं चुकीचं उत्तर एकदा छापूनही आलं होतं. ते पुढे सविस्तर पाहू.

एनएस१ म्हणजे नेमकं काय?

डेंग्यूच्या विषाणूची सगळी अनुवांशिक माहिती आरएनएच्या सुमारे १०,७०० अक्षरांत मावते. आपल्या पेशीत शिरल्यावर त्यावरून एकच लांबलचक प्रथिन तयार होतं आणि ते कापलं जाऊन दहा प्रथिनं होतात. त्यातली तीन विषाणूचा कण बांधायला लागतात. उरलेली सात कणाच्या बांधणीत नसतात, ती पेशीत राहून विषाणूच्या प्रती काढण्याचं काम सांभाळतात. या सातांपैकी पहिलं ते एनएस१.

त्याचं वेगळेपण असं की ते पेशीत थांबत नाही. ३५२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकत्र येऊन जोडी होते, तीन जोड्या मिळून सहाचा गट होतो, आणि हा पोकळ गट मधल्या जागेत स्निग्ध पदार्थाचे रेणू घेऊन रक्तात सोडला जातो. म्हणूनच तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण नवव्या दिवसापर्यंत ते रक्तात सापडू शकतं. विषाणूविरुद्धचे आयजीएम प्रतिपिंड दिसायला चार-पाच दिवस जावे लागतात, त्याच्या आधीच एनएस१ हाती लागतं.

विषाणू नसताना त्याचं प्रथिन कसं बनवतात?

प्रथिनाची कृती जनुकात असते आणि जनुक म्हणजे अक्षरांचा क्रम. डेंग्यूच्या चारही प्रकारांचे क्रम सार्वजनिक संग्रहांत कुणालाही पाहता येतात. ३५२ अमिनो आम्लांसाठी प्रत्येकी तीन, म्हणजे १,०५६ अक्षरांचा डीएनए लागतो. तो रासायनिक पद्धतीने बनवून देणाऱ्या कंपन्या आहेत. क्रम पाठवला की काही आठवड्यांत डीएनए प्लास्मिडमध्ये बसवून घरपोच येतो. प्लास्मिड म्हणजे पेशीत सहज घालता येणारा डीएनएचा छोटा गोल तुकडा. या सगळ्यात डेंग्यूचा विषाणू प्रयोगशाळेच्या दारातही येत नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी मात्र काही निर्णय घ्यावे लागतात आणि पुढचा बराच मनस्ताप इथेच टाळता येतो.

पहिला निर्णय संकेत-तुकड्याचा. पेशीने प्रथिन बाहेर सोडावं यासाठी त्याच्या सुरुवातीला वीस-पंचवीस अमिनो आम्लांचा एक संकेत असावा लागतो. विषाणूत तो एनएस१ च्या आधी येणाऱ्या ‘ई’ प्रथिनाच्या शेपटीत असतो. फक्त एनएस१ चा क्रम कापून घेतला तर संकेत मागेच राहतो आणि प्रथिन पेशीत चुकीच्या जागी अडकून पडतं. दुसरा निर्णय ओळख-शेपटीचा. पुढे प्रथिन गाळून काढता यावं म्हणून हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा ते दहा रेणू सलग जोडतात. ही शेपटी संकेताच्याही आधी लावली तर संकेत कापला जाताना तीही जाते. मग प्रथिन बनतं, पण गाळणीला चिकटत नाही. एनएस१ साठी ती शेवटच्या टोकाला लावणं बरं, कारण दोन साखळ्यांची जोडी सुरुवातीच्या भागाच्या आधारानेच जुळते. तिसरी गोष्ट अक्षरांच्या निवडीची. एकच अमिनो आम्ल अनेक त्रिकांनी लिहिता येतं, आणि ज्या पेशीत प्रथिन बनवायचं तिला सरावाची त्रिकं वापरली तर उत्पादन वाढतं. म्हणून जिवाणूसाठी लिहिलेलं जनुक मानवी पेशीत जसंच्या तसं वापरू नये.

क्रम तोच, मग पेशीने काय फरक पडतो?

नऊवारीचा गोळा होऊन जमिनीवर पडला तरी कापड नऊ वारच असतं, रंग तोच आणि काठही तेच. पण निऱ्या, काष्टा आणि पदर जागच्या जागी बसल्याशिवाय ते नेसणं होत नाही. प्रथिनाची साखळीही तशीच आहे. अमिनो आम्लांचा क्रम अचूक असूनही घडी बसली नाही, तर प्रतिपिंडाला जो आकार ओळखायचा तो तिथे नसतोच.

एनएस१ ची घडी अवघड आहे. त्याच्या प्रत्येक साखळीत बारा सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, असतात आणि ती ठरावीक जोड्यांनी बांधली जाऊन गंधकाचे सहा बंध तयार होतात. शिवाय १३० व्या आणि २०७ व्या जागी शर्करेच्या साखळ्या लागतात. ही दोन्ही कामं करणारी यंत्रणा आपल्या पेशींत, कीटकांच्या पेशींत आणि यीस्टमध्ये असते. प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू ई. कोलाय याच्या पेशीद्रवात ती नाही. तिथलं वातावरण गंधकाचे बंध होऊ देत नाही आणि शर्करा जोडण्याची सोय नसते. परिणामी प्रथिन भरपूर बनतं, पण त्याच्या अविद्राव्य गाठी होतात.

जिवाणूतला रस्ता

हा रस्ता सर्वांत स्वस्त आहे, म्हणून बहुतेक जण इथून सुरुवात करतात. बीएल२१ जातीच्या ई. कोलायमध्ये प्लास्मिड घालतात आणि ३७ अंश सेल्सियसला वाढवतात. द्रावणाची गढूळता ६०० नॅनोमीटरला ०.६ ते ०.८ झाली की आयपीटीजी हे रसायन ०.१ ते १ मिलिमोलर टाकून जनुक चालू करतात. तापमान १६ ते १८ अंशांवर आणून रात्रभर ठेवलं तर पेशी सावकाश काम करते आणि काही प्रथिनं विद्राव्य राहतात. एनएस१ सहसा तरीही गाठींतच जातं.

मग गाठी ८ मोलर युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडीनमध्ये विरघळवून साखळी पूर्ण उलगडतात आणि हे रसायन हळूहळू कमी करत ती पुन्हा घडी घालेल अशी वाट पाहतात. द्रावणात ऑक्सिडीकृत आणि क्षपित ग्लुटाथायोन ठेवतात, म्हणजे चुकीचे बंध सुटून बरोबर बंध जुळायला वाव मिळतो. गुठळ्या टाळायला आर्जिनीन घालतात आणि प्रथिन खूप विरळ ठेवतात. घाई केली तर काही मिनिटांत द्रावण दुधाळ होतं आणि सगळं तळाशी बसतं. आणखी एक चूक वारंवार होते. युरियातलं प्रथिन लवकर विरघळावं म्हणून गरम करतात. युरियापासून सायनेट तयार होतं, ते अमिनो आम्लांना चिकटतं आणि प्रथिन कायमचं बदलतं. युरिया ताजा बनवावा आणि नमुना ३७ अंशांच्या वर नेऊ नये.

इतकं करून बारा सिस्टीनांच्या जोड्या बरोबर जुळतीलच असं नाही, आणि शर्करा तर येतच नाही.

मानवी आणि कीटक पेशींतला रस्ता

मानवी मूत्रपिंडाच्या पेशींपासून आलेली एचईके २९३ ही पेशीमालिका द्रव माध्यमात तरंगत वाढते. ३७ अंश, ८ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि मिनिटाला साधारण १२५ फेऱ्यांनी फिरणारा शेकर, असा बेत असतो. पेशी दर मिलिलिटरला सुमारे ३० लाख झाल्या आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असल्या, की प्लास्मिड आत घालतात. प्रत्येक मिलिलिटर पेशींमागे १ मायक्रोग्रॅम डीएनए आणि डीएनएला पेशीत नेणारं ३ मायक्रोग्रॅम पॉलिइथिलिनइमाइन हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. दोन्ही वेगळे विरळ करून मग एकत्र करायचे, दहा ते वीस मिनिटं ठेवायचे आणि पेशींत ओतायचे. तास-दीड तास विसरून गेलं तर कण मोठे होतात आणि पेशी ते नीट घेत नाहीत. माध्यमात पेशींच्या गुठळ्या रोखणारं हेपरीन किंवा डेक्स्ट्रान सल्फेट असेल तर तेच डीएनएला आत जाऊ देत नाही. उत्पादन शून्य आलं की लोक प्लास्मिडला दोष देतात, पण पुष्कळदा दोष माध्यमाचा असतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी पेशी खाली बसवून वरचं माध्यम घेतात, कारण एनएस१ बाहेर सोडलेलं असतं. फार दिवस थांबलं तर मरत्या पेशी फुटतात आणि त्यांची प्रथिनं तोडणारी विकरं मालाची नासाडी करतात.

कीटकांच्या पेशी २७ अंशांना आणि कार्बन डायऑक्साइडशिवाय वाढतात. त्यांत जनुक नेण्याचं काम बॅक्युलोव्हायरस हा कीटकांचाच विषाणू करतो. शर्करा लागते, पण ती मानवी पेशीतल्यापेक्षा आखूड असते. २०१४ साली एनएस१ ची स्फटिकरचना जगापुढे आली ती कीटक पेशींत बनवलेल्या प्रथिनावरूनच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्स लशीतलं कोरोनाचं स्पाइक प्रथिनही याच जातीच्या, पतंगाच्या पेशींत तयार होतं. हिपॅटायटिस बीच्या लशीतलं पृष्ठप्रथिन यीस्टमध्ये बनतं आणि ते तिथे उत्तम बनतं. म्हणजे एकच पेशी सर्वांत चांगली असं काही नाही. कुठल्या प्रथिनाला काय लागतं ते आधी पाहावं.

गाळून काढताना

माध्यम ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून निकेलच्या स्तंभावर, म्हणजे निकेल धरून ठेवणाऱ्या मण्यांनी भरलेल्या नळीत, सोडतात. हिस्टिडीनची शेपटी निकेलला धरून बसते. २० मिलिमोलर इमिडाझोलने धुतलं की सैल चिकटलेली इतर प्रथिनं जातात आणि २५० ते ३०० मिलिमोलरने आपलं प्रथिन सुटतं. सामू ७.४ ते ८ ठेवावा. ईडीटीए अजिबात नको, ते निकेलच ओढून घेतं. कीटक पेशींचं माध्यमही असंच वागतं. निळसर स्तंभ पांढरा पडू लागला तर निकेल वाहून जात आहे असं समजावं, थांबावं आणि आधी माध्यम डायलिसिसने बदलून घ्यावं.

यानंतर आकारानुसार वेगळं करणारा स्तंभ लागतो. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी वगळतात आणि माझ्या मते हीच वगळू नये अशी आहे. सुरुवातीलाच बाहेर येतात त्या गुठळ्या. सहाचा गट साधारण ३०० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) जागी येतो आणि सुटी जोडी त्याच्या नंतर. निकेलवरून आलेला माल कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात गुठळ्या किती आणि गट किती हे इथेच कळतं.

बरोबर बनलं हे कसं ओळखायचं?

एनएस१ साठी एक सोपी आणि स्वस्त कसोटी आहे. नमुन्याचे दोन भाग करावेत. एक ९५ अंशांना पाच मिनिटं उकळावा, दुसरा तसाच ठेवावा, आणि दोन्ही एसडीएस जेलवर शेजारी-शेजारी चालवावेत. एसडीएस हे प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट, आणि या जेलवर प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांत वेगळी होतात. नीट घडी बसलेल्या एनएस१ ची जोडी एसडीएसला दाद देत नाही, पण उष्णतेने सुटते. त्यामुळे उकळलेल्या नमुन्याचा पट्टा ४५ ते ५० किलोडाल्टनला येतो आणि न उकळलेल्याचा त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. दोन्ही पट्टे एकाच जागी खाली आले तर जोडी मुळात जमलेलीच नाही.

शर्करा तपासायला पीएनजीएज एफ हे विकर वापरतात. ते शर्करा काढून टाकतं आणि पट्टा थोडा खाली सरकतो. जिवाणूतून आलेल्या प्रथिनाचा पट्टा सरकणार नाही, कारण काढायला काही नसतंच.

९९ टक्के शुद्ध म्हणजे पुरेसं ना?

इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण एनएस१ च्या इतिहासातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट इथे आहे.

ई. कोलायच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. आपल्या प्रतिकारक पेशी त्याला टीएलआर४ नावाच्या संवेदकाने ओळखतात आणि अत्यल्प मात्रेलाही जोरात प्रतिसाद देतात. समजा एका मिलिग्रॅम प्रथिनात १०० नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन आहे. म्हणजे भेसळ ०.०१ टक्का. शुद्धता मोजायच्या जेलवर ती दिसणारच नाही, कारण जेलवरचा रंग प्रथिनांना लागतो आणि एंडोटॉक्सिन प्रथिन नाही. आता हे एनएस१ पेशींवर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मात्रेने घातलं, तर सोबत १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एंडोटॉक्सिन गेलं. माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशींना खवळायला तेवढं पुरतं. पेशींनी दाहकारक द्रव्यं सोडली की संशोधक लिहून मोकळा होतो, ‘एनएस१ दाह निर्माण करतं.’

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आणि अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटांनी एकाच नियतकालिकात दाखवलं की एनएस१ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला गळतं करू शकतं. गंभीर डेंग्यूमध्ये नेमकं हेच होतं. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि रुग्ण धोक्यात जातो. क्वीन्सलँडच्या गटाने हा परिणाम टीएलआर४ मार्फत होतो असं म्हटलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासाने संवेदक वेगळा सांगितला, टीएलआर२ आणि टीएलआर६ यांची जोडी. औषध शोधणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण कुठला संवेदक रोखायचा हेच त्यावर ठरतं.

२०१७ मध्ये क्वीन्सलँडच्या गटाने याचा माग काढला. हे संवेदक नसलेल्या उंदरांच्या पेशी आणि संवेदक अडवणारे प्रतिपिंड वापरून त्यांनी दाखवलं की मानवी पेशींसारख्या केंद्रक असलेल्या पेशींनी बनवून बाहेर सोडलेलं एनएस१ टीएलआर४ मार्फतच काम करतं. दुसऱ्या अभ्यासात वापरलेलं विकतचं एनएस१ ई. कोलायमध्ये बनवलेलं होतं, त्याची घडी बरोबर नव्हती आणि त्यात संवेदकांना चेतवणारे जिवाणूंचे अनेक घटक मिसळलेले दिसले. दोन्ही व्हायलींवर नाव एकच होतं.

टीएलआर४ हा एंडोटॉक्सिनचाच संवेदक असल्याने पहिल्या निष्कर्षावरही शंका घेणं रास्त आहे, आणि ती फेडण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. एंडोटॉक्सिन मोजण्यासाठी एलएएल नावाची चाचणी असते. ती नालखेकड्याच्या रक्तापासून बनते आणि तिचं एक एकक म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम. प्रयोगात एक भाग उकळलेल्या प्रथिनाचा ठेवतात. उकळल्याने प्रथिनाची घडी मोडते पण एंडोटॉक्सिन टिकून राहतं, त्यामुळे उकळूनही परिणाम तसाच राहिला तर करामत एनएस१ ची नव्हे. दुसऱ्या भागात पॉलिमिक्सिन बी घालतात, ते एंडोटॉक्सिनला बांधून ठेवतं. काचसामान नुसतं ऑटोक्लेव्ह करून भागत नाही. २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत किमान अर्धा तास ठेवावं लागतं. एंडोटॉक्सिन काढायला ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट वापरण्याची रीत आहे, पण एनएस१ चा सहाचा गट स्निग्ध रेणूंवर तोललेला असतो आणि डिटर्जंटने तो सुटून जोड्या होऊ शकतात. म्हणून भेसळ नंतर काढण्यापेक्षा ती मुळात येणार नाही अशी पेशी निवडणं शहाणपणाचं.

मग जिवाणूत बनवलेलं कुचकामी म्हणायचं का?

नाही. प्रश्न कशासाठी वापरायचं हा आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, प्रथिन आधीच उलगडलेलं असतं, तिथे घडीचा संबंध नसतो. साखळीच्या सलग तुकड्याला ओळखणारे प्रतिपिंड हवे असतील तरीही चालतं. कोरोनाचं एन प्रथिन तर ई. कोलायमध्येच मुबलक बनवलं गेलं. फक्त त्याचा स्वभाव आरएनएला धरून बसण्याचा आहे, त्यामुळे जिवाणूचा आरएनए सोबत येतो. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर पाहिलं की ते कळतं. शुद्ध प्रथिनात ते ०.६ च्या आसपास असतं, एकच्या वर गेलं तर १ मोलर मिठाने स्तंभ धुवावा किंवा आरएनए तोडणारं न्यूक्लिएज हे विकर वापरावं.

जिवंत पेशींवरचा प्रयोग, रुग्णाच्या रक्तातले प्रतिपिंड मोजणं, रचना पाहणं किंवा किटसाठी प्रतिपिंड निवडणं, या कामांना मात्र घडी बसलेलं आणि शर्करा असलेलं प्रथिनच हवं.

यातून डेंग्यू होऊ शकतो का?

होऊ शकत नाही. विषाणूच्या दहा प्रथिनांपैकी एकच इथे आहे आणि प्रती काढायला लागणारा आरएनए नाहीच. पण संसर्ग होत नाही म्हणजे ते निरुपद्रवी आहे असंही नाही. बर्कलीच्या प्रयोगात उंदरांना एनएस१ दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्या गळू लागल्या होत्या. हातमोजे घालावेत आणि सुई जपून हाताळावी. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं प्रथिन माणसाला कधीही द्यायचं नसतं. भारतात अशा कामाला पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी जावं लागतं.

व्हायल हातात आल्यावर

कोरड्या पावडरची व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवावी. पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताच उडून जाते. सांगितलेल्या द्रवात सावकाश विरघळवावी, व्हॉर्टेक्स करू नये, फेस आला की प्रथिन बिघडतं. मग लगेच २० ते ५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांना ठेवावेत. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवत राहिलं की दर वेळी थोड्या गुठळ्या होतात आणि महिन्याभरात आलेख खाली का येतोय हे कळत नाही. फार विरळ प्रथिन प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून ०.१ टक्का बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, घालतात. पण त्याच प्रथिनाला पुढे बायोटिन किंवा सोन्याचे कण जोडायचे असतील तर बीएसए नको, कारण सगळं बीएसएलाच जोडलं जाईल. सोडियम अझाइड असलेला माल जिवंत पेशींवर घालू नये. एलायझात, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत रंग आणून प्रथिन किंवा प्रतिपिंड मोजणाऱ्या चाचणीत, रंग आणणाऱ्या पेरॉक्सिडेज विकरालाही ते मारतं.

एलायझासाठी फार माल लागत नाही. प्रत्येक खळग्यात १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं १०० मायक्रोलिटर द्रावण, ९.६ सामूच्या कार्बोनेट बफरमध्ये, ४ अंशांना रात्रभर. ९६ खळग्यांना मिळून जेमतेम १० मायक्रोग्रॅम होतं. म्हणजे एक मिलिग्रॅममध्ये शंभरेक प्लेट होतात. चांगल्या पेशीत बनवलेलं प्रथिन महाग वाटतं, पण दर प्लेटला पडणारा खर्च काढला तर चुकीचे निकाल त्याहून कितीतरी महाग पडतात.

रिपोर्टवर याचा काय परिणाम होतो?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि त्यांची एनएस१ एकमेकांशी पुष्कळ मिळतीजुळती असली तरी एकसारखी नाहीत. किटमधल्या प्रतिपिंडाने चारही ओळखले पाहिजेत. त्याच वेळी त्याने झिका, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल या भाऊबंद विषाणूंच्या एनएस१ ला चिकटता कामा नये. झिकाच्या एनएस१ मधली निम्म्याहून थोडी अधिक अमिनो आम्लं डेंग्यूसारखीच आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरातही रुग्ण आढळले, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. प्रतिपिंड पारखणाऱ्याकडे या सर्व विषाणूंची, नीट घडी बसलेली एनएस१ असावी लागतात. त्यातलं एखादं वेड्यावाकड्या घडीचं असेल तर ‘चिकटत नाही’ हे उत्तर प्रतिपिंडाच्या गुणामुळे आलं की प्रथिनाच्या दोषामुळे, हे सांगता येणार नाही.

चांगल्या किटलाही मर्यादा आहेत. आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात जुने प्रतिपिंड तयार असतात. ते एनएस१ ला झाकून टाकतात आणि चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम तपासणं अधिक उपयोगी. पट्टीवरच्या झटपट चाचणीवर विसंबून डेंग्यू पक्का धरत नाहीत, त्यासाठी एलायझा करतात. ताप असून एनएस१ निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त राहू नये, प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर) डॉक्टरांचं लक्ष असू द्यावं.

लशींच्या बाबतीत हे प्रथिन कुठे कामाला आलं?

डेंग्वॅक्सिया ही डेंग्यूची पहिली मान्यताप्राप्त लस. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ती आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उत्पादक कंपनीने सांगितलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. पण लशीच्या मानवी चाचण्यांत भाग घेतलेल्यांपैकी बहुतेकांचं लस देण्यापूर्वीचं रक्त घेतलेलंच नव्हतं. मग आधी डेंग्यू कुणाला झाला होता हे शोधायचं कसं?

उत्तर एनएस१ ने दिलं. ही लस पीतज्वराच्या लशीच्या सांगाड्यावर बेतलेली आहे. तिच्यातली बाहेरची प्रथिनं डेंग्यूची, पण एनएस१ पीतज्वराचं. त्यामुळे ज्याच्या रक्तात डेंग्यूच्या एनएस१ विरुद्ध प्रतिपिंड आहेत, त्याला ते मुख्यतः खऱ्या संसर्गातून मिळालेले असणार. लशीनंतरच्या साठवलेल्या नमुन्यांवर डेंग्यूच्या एनएस१ विरुद्धचे प्रतिपिंड मोजणारी एलायझा केली गेली, त्यातून दोन गट वेगळे झाले आणि २०१८ मध्ये धोक्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. यानंतर ही लस आधी डेंग्यू झाल्याची खात्री असलेल्यांनाच द्यावी असं धोरण आलं.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला डेंगीऑल या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. तिचे मूळ वाण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आहेत. पीतज्वराचा सांगाडा इथे नाही, विषाणू डेंग्यूचेच पण दुबळे केलेले. प्रकार १, ३ आणि ४ यांची एनएस१ लस घेतलेल्याच्या शरीरात लशीतूनच बनतात, म्हणून फिलिपिन्सच्या वेळची युक्ती इथे सरळ लागू पडणार नाही. प्रकार २ चा घटक प्रकार ४ च्या सांगाड्यावर बसवलेला असल्याने फक्त प्रकार २ चं एनएस१ या लशीत नाही. त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड वेगळे मोजता आले तर काही सांगता येईल. पण चारही एनएस१ इतकी जवळची आहेत की एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटतात. त्यासाठी चारही प्रकारांची रिकॉम्बिनंट एनएस१ एकाच पेशीत, एकाच पद्धतीने बनवून आणि घडी पारखून शेजारी-शेजारी तपासावी लागतील.